वजन हरवलेल्या प्रयोगशाळा

शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने मुंबईला जायचे तर सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीभोवती फिरते ते साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून. म्हणजे शिरपूरपासून मुंबई जितकी लांब, जवळजवळ तितकेच हे स्थानक उंच आहे. एवढ्या अंतरावर गेले की माणसे आणि वस्तू तरंगू लागतात, हे मुलांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेले असते. त्याचे कारण विचारले, तर वर्गातून हमखास एकच उत्तर येते : ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते.’

हे उत्तर फळ्यावर तपासून पाहण्यासारखे आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. स्थानकाचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर सुमारे ६,७७१ किलोमीटर. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हा नियम वापरला तर त्या उंचीवर गुरुत्व त्वरण दर सेकंदाला सेकंदास सुमारे ८.७ मीटर येते. जमिनीवरच्या मूल्याच्या ते ८९ टक्के आहे. नाहीसे झालेले तर नाहीच, फारसे कमीही झालेले नाही. मग वस्तू तरंगतात कशा?

त्या तरंगत नाहीत, पडतात. त्यांच्याबरोबर भोवतालचे सगळे यानच पडत असते, म्हणून एकाचे दुसऱ्याला पडणे कळत नाही. कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. पृथ्वीचा पृष्ठभाग गोल असल्यामुळे तोही दर ७.९ किलोमीटर अंतराला जवळजवळ तेवढाच खाली वळतो. म्हणून हवेचा अडथळा नसताना सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवी फेकलेली वस्तू पडत राहील, पण जमिनीला कधीच टेकणार नाही. स्थानकाच्या उंचीवर हा वेग थोडा कमी, सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर लागतो. अशा अखंड पडण्यात जी स्थिती निर्माण होते, तिला शास्त्रज्ञ ‘शून्य गुरुत्व’ न म्हणता ‘सूक्ष्मगुरुत्व’ म्हणतात. यानावरील विरळ हवेचा रेटा, यंत्रांची थरथर, माणसांची हालचाल यांमुळे वजनाचा अगदी लहान अंश शिल्लक राहतोच.

या स्थितीत प्रयोग करण्यासाठी माणसे गेली अर्धशतकाहून अधिक काळ कक्षेत जात आहेत. त्यांतल्या काही उड्डाणांचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत. तो मांडताना एक प्रश्न सतत समोर ठेवणार आहोत : प्रयोगासाठी गुरुत्व वजा करायचे आहे हे मान्य, पण त्यासाठी माणूस कशाला पाठवायचा? भारताने स्वतःच्या यानातून माणसे पाठवायचे ठरवले असताना हा प्रश्न केवळ परदेशी इतिहासाचा राहिलेला नाही.

गुरुत्व वजा करण्याची जुनी धडपड

गुरुत्वाला थोडा वेळ बाजूला सारण्याची कल्पना अग्निबाणांच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावच्या विल्यम वॉट्स या नळ-कारागिराने १७८२ साली बंदुकीचे छर्रे बनवण्याच्या एका रीतीचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून खाली सोडायचे आणि तळाशी पाण्यात झेलायचे. पडताना थेंबावर आधार देणारा पृष्ठभाग नसतो. पृष्ठताण त्याला गोल करतो आणि तो तसाच घट्ट होतो. ताटलीवर ठेवलेला थेंब स्वतःच्या वजनाने बसका होतो, पडणारा होत नाही.

बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो यांनी १८४०च्या दशकात वेगळी युक्ती केली. पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण त्यांनी अशा प्रमाणात केले, की त्याची घनता तेलाच्या घनतेएवढी झाली. त्यात सोडलेला तेलाचा मोठा थेंब ना वर गेला, ना खाली. तो जागच्या जागी गोल होऊन राहिला. मग प्लॅटो यांनी त्याला अक्षाभोवती फिरवले, तेव्हा तो ध्रुवांशी चपटा झाला. फिरणारे ग्रह आणि तारे यांचा आकार कसा ठरतो, या प्रश्नाशी या प्रयोगाचे नाते होते. परंतु थेंबाभोवतीचे द्रवही त्याच्याबरोबर ओढले जाई, ही त्यातली अडचण. एकटाच, कशालाही न चिकटलेला थेंब फिरवता आला असता तर! ही इच्छा पुरी व्हायला १९८५ साल उजाडावे लागले. ती हकीकत पुढे येईल.

जमिनीवर खरे मुक्त पतन मिळते, पण क्षणभरच. २० मीटर खोल कोरड्या विहिरीत दगड टाकला, तर त्याला तळ गाठायला दोन सेकंद लागतात. जर्मनीतील ब्रेमेन येथे याच कामासाठी उभारलेल्या मनोऱ्यात हवा काढून टाकलेल्या नळीतून ११० मीटर पडणाऱ्या कुपीला सुमारे ४.७ सेकंद मिळतात. विमान वर चढवून अन्वस्ताच्या मार्गाने नेले, तर प्रत्येक खेपेस २० ते २५ सेकंद मिळतात. वर जाऊन परत खाली येणाऱ्या अग्निबाणात काही मिनिटे मिळतात. स्फटिक वाढायला किंवा बी रुजायला मात्र दिवस लागतात, आणि तितका वेळ फक्त कक्षेतच मिळू शकतो.

गुरुत्व वजा केल्याने नेमके काय साधते? चहाच्या पातेल्यात तळचे पाणी तापून हलके होते व वर जाते, वरचे गार पाणी खाली येते. हे अभिसरण गुरुत्वामुळे होते. मेणबत्तीची ज्योत लांबट असते तीही त्यामुळेच. कक्षेत ती गोलसर, निळसर आणि मंद होते. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसतो, तोही गुरुत्वाने. हे सारे थांबले, की एरवी झाकली जाणारी पृष्ठताण, विसरण यांसारखी सौम्य बले उघडी पडतात. समीकरणातले सर्वांत मोठे पद काढून टाकावे आणि उरलेली छोटी पदे दिसू लागावीत, तसा हा प्रकार आहे.

पहिले प्रयोग

ऑक्टोबर १९६९ मध्ये सोव्हिएत संघाच्या सोयूझ-६ यानात व्हॅलेरी कुबासोव यांनी धातूंचे वितळजोड करून पाहिले. अवकाशातील वेल्डिंगचा तो पहिला प्रयोग. १९७३ साली अमेरिकेने स्कायलॅब हे स्थानक सोडले, तेव्हा शाळकरी विद्यार्थ्यांकडून प्रयोगांचे प्रस्ताव मागवले होते. सुमारे ३,४०० प्रस्ताव आले आणि त्यांतले २५ निवडले गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीचा प्रश्न साधा होता : कोळी जाळे विणताना स्वतःच्या वजनाचा उपयोग करतो. वजन नसेल तर तो जाळे कसे विणील?

ॲराबेला आणि अनिता या नावांच्या दोन कोळिणी स्कायलॅबवर गेल्या. ॲराबेलाचे पहिले जाळे वेडेवाकडे निघाले. काही दिवसांनी मात्र तिने पृथ्वीवरच्यासारखे जाळे विणले. परत आणलेले धागे तपासल्यावर ते अधिक बारीक आणि कमीअधिक जाडीचे असल्याचे दिसले. प्रश्न शाळेतला होता, म्हणून उत्तर काही कमी मोलाचे ठरले नाही.

या प्रयोगांना भारतीय हात लागले ते १९८४ मध्ये. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून युरी मालिशेव आणि गेनाडी स्ट्रेकालोव यांच्यासह निघाले आणि साल्यूत-७ स्थानकावर पोहोचले. ११ एप्रिलला ते परतले. उंचावरून दिसणाऱ्या भारताबद्दल त्यांनी दिलेले उत्तर सर्वांच्या लक्षात राहिले. त्यांच्या प्रयोगांचा उल्लेख मात्र क्वचित होतो. भारताची विशेष कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेणे, योगासनांचा वजनरहित अवस्थेतील शरीराला काय उपयोग होतो हे पाहणे, हृदयाच्या कार्याची नोंद ठेवणे, आणि चांदी व जर्मेनियम यांचा मिश्रधातू वितळवून तो गोठणबिंदूच्या खाली थंड करून पाहणे, असा तो कार्यक्रम होता. यांतले धातूचे काम खऱ्या अर्थाने सूक्ष्मगुरुत्वाचे. जमिनीवर वितळलेला धातू भांड्याला चिकटतो, तेथूनच स्फटिक बनायला सुरुवात होते, आणि जड-हलके घटक वेगळे होऊ पाहतात.

एप्रिल १९८५ : स्पेसलॅब-३

सूक्ष्मगुरुत्वाला केंद्रस्थानी ठेवून आखलेल्या उड्डाणाचे चांगले उदाहरण पाहायचे असेल, तर त्यानंतरच्या वर्षीच्या स्पेसलॅब-३ कडे वळावे लागते. २९ एप्रिल १९८५ रोजी फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून चॅलेंजर हे शटल सात जणांना घेऊन निघाले. त्याच्या मालकक्षात युरोपने बांधलेली स्पेसलॅब ही प्रयोगशाळा बसवलेली होती. यानाचा धक्का प्रयोगांना लागू नये, म्हणून त्याचा लांब अक्ष पृथ्वीच्या केंद्राच्या दिशेने ठेवला होता. अशा स्थितीत यान आपोआप स्थिर राहते आणि दिशा सावरण्यासाठी छोटे अग्निबाण वारंवार पेटवावे लागत नाहीत. स्फटिक आणि द्रव यांचे प्रयोग यानाच्या गुरुत्वमध्याजवळ मांडले होते, कारण तिथे उरलेसुरले वजन सर्वांत कमी असते.

या पथकात लोडेविक व्हॅन डेन बर्ग आणि टेलर वँग हे दोघे पेशाने अंतराळवीर नव्हते. ते आपापल्या विषयाचे संशोधक होते.

व्हॅन डेन बर्ग हे मर्क्युरिक आयोडाइडच्या स्फटिकांचे तज्ज्ञ. हा पदार्थ क्ष-किरण आणि गॅमा किरण ओळखण्याच्या उपकरणांत उपयोगी पडतो. पण त्याचा स्फटिक मऊ असतो. जमिनीवर वाढताना तो स्वतःच्याच वजनाने बिघडतो. कक्षेत तो बाष्पापासून वाढवण्यात आला. तापमान किती ठेवायचे, वाढ कधी मंद करायची, हे व्हॅन डेन बर्ग सूक्ष्मदर्शकातून पाहून ठरवत होते. वर्षानुवर्षे हेच काम केलेल्या माणसाच्या नजरेला जे कळते, ते आधी लिहून ठेवलेल्या आज्ञावलीत उतरवणे त्या काळी शक्य नव्हते. याच यानात द्रावणातून वाढवलेल्या स्फटिकांचा दुसरा प्रयोग होता. त्याचे प्रमुख अमेरिकेतील अलाबामा कृषी व यांत्रिकी विद्यापीठाचे रवींद्र लाल होते.

टेलर वँग यांचा प्रयोग म्हणजे प्लॅटो यांची राहिलेली इच्छा. एका पेटीत द्रवाचा थेंब ध्वनिलहरींच्या हलक्या दाबाने मधोमध धरायचा, ध्वनीनेच त्याला फिरवायचे आणि त्याचे आकार टिपायचे. अशा फिरत्या थेंबाची स्थिरता कुठे संपते, याचे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९६५ साली मांडलेले होते. आता प्रत्यक्ष पाहायचे होते.

वँग यांनी उपकरण सुरू केले आणि ते चालेना. वर्षानुवर्षांच्या तयारीवर पाणी पडण्याची वेळ आली. दुरुस्तीसाठी वेळ द्या, असा त्यांनी जमिनीवरील नियंत्रकांकडे हट्ट धरला. मग यंत्राच्या कपाटात डोके आणि खांदे घालून, पाय बाहेर तरंगत ठेवून त्यांनी विद्युत जोडण्या शोधल्या, बदलल्या आणि उपकरण चालू केले. थेंब फिरू लागला. आधी तो चपटा झाला, आणि वेग वाढवल्यावर दोन टोकांशी फुगीर, मध्ये निमुळता असा लांबट झाला. सुमारे १४० वर्षांपूर्वीच्या प्रयोगाला कशाचाही स्पर्श नसलेला थेंब मिळाला, तो एका माणसाच्या पेचकसामुळे.

माणसांबरोबर गोंधळही जातो, हेही याच उड्डाणात दिसले. दोन माकडे आणि २४ उंदीर बरोबर होते. त्यांच्या पिंजऱ्यांतून खाद्याचे कण आणि लेंड्या बाहेर पडल्या आणि यानभर तरंगू लागल्या. जमिनीवर ज्या फटीतून काही सांडत नाही, त्याच फटीतून वजनरहित अवस्थेत काहीही कुठेही जाऊ शकते. पिंजरा हेसुद्धा एक उपकरण आहे आणि तेही नव्याने शोधावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

मुंबईहून गेलेली ‘अनुराधा’

स्पेसलॅब-३ बरोबर एक भारतीय उपकरण होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञही त्यात सहभागी होते. नाव होते ‘अनुराधा’. हा सूक्ष्मगुरुत्वाचा प्रयोग नव्हता. विश्वकिरणांतील जड अणूंचे किती इलेक्ट्रॉन गळालेले असतात, हे त्याला शोधायचे होते.

त्याची रचना शाळेत समजावून सांगता येईल इतकी सरळ आहे. चष्म्याच्या भिंगांसाठी वापरतात त्या जातीच्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांच्या दोन थप्प्या एकाखाली एक ठेवल्या होत्या. वरची थप्पी स्थिर, खालची अतिशय सावकाश फिरणारी. वेगवान जड अणू दोन्ही थप्प्यांतून सरळ रेषेत जातो आणि वाटेत प्लॅस्टिकचे बंध तोडतो. नंतर सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पत्रे ठेवले, की त्या वाटेवर खळगे उमटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. वरच्या थप्पीतला माग खालच्या थप्पीत किती अंशांनी सरकलेला सापडतो, यावरून अणू कोणत्या वेळी आला ते कळते. वेळ कळली, की यान तेव्हा पृथ्वीच्या कोणत्या भागावर होते तेही कळते.

आता पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र चाळणीचे काम करते. अणूवर विद्युतभार जास्त असेल, तर तो जास्त वळतो आणि कमी ऊर्जेचा असल्यास यानाच्या कक्षेपर्यंत पोहोचूच शकत नाही. तरीही तो पोहोचला असेल, तर त्याचा भार कमी असला पाहिजे. म्हणजे त्याने आपले बरेच इलेक्ट्रॉन राखलेले असले पाहिजेत. या रीतीने अनुराधाच्या मागांवरून असे दिसले, की विश्वकिरणांच्या एका विशिष्ट गटातील ऑक्सिजनच्या अणूंनी फक्त एकच इलेक्ट्रॉन गमावलेला आहे. आंतरतारकीय वायूचे अणू सूर्यमालेत शिरतात, येथे त्यांचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि मग त्यांना वेग मिळतो, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले.

या प्रयोगाला कक्षेत माणसाच्या हाताची फारशी गरज नव्हती. गरज होती ती परत येण्याची. पत्रे मुंबईत आल्याशिवाय त्यांवरचे माग वाचता आले नसते. शटल माणसांना परत आणण्यासाठी बांधलेले होते, म्हणून प्लॅस्टिकही परत आले.

न दिसलेला धोका

६ मे १९८५ रोजी चॅलेंजर कॅलिफोर्नियात सुखरूप उतरले. त्यानंतर त्याचे घन-इंधनाचे अग्निबाण सुटे करून तपासण्यात आले, तेव्हा एक गंभीर गोष्ट आढळली. डाव्या अग्निबाणाच्या नळकांड्याच्या जोडातील मुख्य रबरी कडे जळून पार झाले होते आणि त्यामागचे राखीव कडेही झिजू लागले होते. तेही गेले असते, तर तप्त वायू बाहेर पडून यान नष्ट झाले असते. या शोधानंतर पुढील उड्डाणांवर बंधन घातले गेले, पण प्रत्येक वेळी ते शिथिल करण्यात आले.

२८ जानेवारी १९८६ रोजी उजव्या अग्निबाणाच्या दुसऱ्या एका जोडातील अशीच कडी निकामी झाली आणि उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी चॅलेंजर नष्ट झाले. सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही समाजशास्त्राची शिक्षिका होती. कक्षेतून दोन पाठ घेण्याची आणि न्यूटनचे नियम, साधी यंत्रे, चुंबकत्व यांची वजनरहित अवस्थेतील प्रात्यक्षिके चित्रित करण्याची तिची तयारी झाली होती. त्यांतली काही प्रात्यक्षिके २०१८ साली जो अकाबा आणि रिकी अरनॉल्ड या पूर्वी शिक्षक असलेल्या अंतराळवीरांनी आंतरराष्ट्रीय स्थानकावर पूर्ण केली.

या अपघाताचा परिणाम भारतावरही झाला. इन्सॅट-१सी हा उपग्रह शटलमधून सोडला जायचा होता. त्याबरोबर जाण्यासाठी इस्रोच्या एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन या दोघांची निवड झाली होती. ते उड्डाण रद्द झाले. इन्सॅट-१सी पुढे १९८८ मध्ये युरोपच्या एरियान अग्निबाणाने, माणसाविना गेला. उपग्रह सोडण्यासाठी माणूस लागत नाही, हे त्यातून आपोआप सिद्ध झाले.

२००३ साली हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांनी १९९७ च्या पहिल्या उड्डाणातही सूक्ष्मगुरुत्वाच्या प्रयोगांवर काम केले होते. १६ जानेवारी २००३ रोजी त्या कोलंबिया शटलमधून दुसऱ्यांदा गेल्या. हे उड्डाण केवळ संशोधनासाठी होते. सुमारे ८० प्रयोग सोळा दिवस चालले. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले आणि सातही जण गेले. अवशेषांतून सापडलेल्या एका संगणकीय तबकडीवरून झेनॉन वायूच्या चिकटपणाच्या प्रयोगाची जवळजवळ सर्व माहिती परत मिळवता आली आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. ही विज्ञानाची चिकाटी खरी. पण तो प्रयोग चालवण्यासाठी माणसाचा हात किती लागला होता, आणि त्याच्याशी सात जीव तोलता येतील का, हे विचारल्याशिवाय हा अध्याय मिटवता येत नाही.

माणसाविना आणि माणसासह

त्यानंतर भारताने एक शांत पण महत्त्वाचे पाऊल टाकले. १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्ही-सी७ ने ५५० किलोग्रॅमची एक कुपी कक्षेत नेली. तिच्यात एक छोटी भट्टी आणि हाडांतील खनिजासारखा पदार्थ बनवण्याचे उपकरण असे दोन सूक्ष्मगुरुत्वाचे प्रयोग होते. २२ जानेवारीला ती बंगालच्या उपसागरातून उचलून आणली गेली. हात नाही, नजर नाही, जीव धोक्यात नाही. प्रश्न नेमका असेल आणि पायऱ्या आधी ठरवता येत असतील, तर असे करता येते.

३० डिसेंबर २०२४ रोजी सुटलेल्या पीएसएलव्ही-सी६० च्या शेवटच्या टप्प्यावर चवळीचे आठ बी होते. ते चार दिवसांत रुजले आणि त्याची छायाचित्रे जमिनीवर आली. त्याच टप्प्यावर मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींच्या वाढीचा प्रयोग ठेवला होता. ही रोपे परत येणार नव्हती. जे कळायचे ते दुरूनच कळायचे होते.

आणि २५ जून २०२५ रोजी, चॅलेंजर १९८५ साली जेथून निघाले होते त्याच ३९-ए या उड्डाणमंचावरून, शुभांशू शुक्ला ॲक्सिऑम-४ मोहिमेत आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे निघाले. १५ जुलैला ते परतले. त्यांच्याकडे भारतीय संस्थांचे सात प्रयोग होते. स्नायूंच्या पेशी, सूक्ष्म शैवाले, नील-हरित जिवाणू, टार्डिग्रेड हे चिवट सूक्ष्म प्राणी, पिकांची बियाणी, पडद्यावर काम करताना डोळे आणि मेंदू यांवर येणारा ताण, आणि मूग व मेथीचे मोड. शेवटचा प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा आणि तेथील आयआयटीचा. मोड येऊ द्यायचे, मग ते गोठवून ठेवायचे आणि परत आणून त्यांची जनुके, पोषक द्रव्ये, त्यांच्यावरचे सूक्ष्मजीव तपासायचे. खानदेशात दर खरिपाला पेरला जाणारा मूग अशा रीतीने स्थानकावर रुजला.

एका बाबतीत मात्र माणसाला पर्याय नाही. त्याचे शरीर हाच प्रयोग असेल, तर त्याला जावेच लागते. पुरेसा व्यायाम केला नाही, तर वजनरहित अवस्थेत कंबरेच्या हाडांतील खनिज महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का कमी होते. हाडे आणि स्नायू भार पेलूनच टिकतात, हे आपल्याला यातून स्पष्ट कळले.

या इतिहासातून आम्हांला माणूस पाठवण्याची चार खरी कारणे दिसतात. बिघडलेले दुरुस्त करणारा हात, आधी न ठरवता येणारा निर्णय घेणारी नजर, नमुन्यांचे परत येणे, आणि स्वतः माणसाचे शरीर. यांपैकी परत येणे २००७ पासून भारताला माणसाविनाही जमते. बाकीची तीन कारणे प्रत्येक प्रयोगाला वेगळी लावून पाहावी लागतात. गगनयानाची आखणी तीन जणांना ४०० किलोमीटर उंचीवर तीन दिवस नेण्याची आहे, आणि त्याआधी माणसाविना उड्डाणे करण्याचा क्रम ठरलेला आहे. तीन दिवस हा फार थोडा वेळ आहे. त्यात कोणते प्रश्न न्यायचे, हे यान बांधण्याइतकेच काळजीने ठरवायला हवे.

वर्गात करण्यासारखे

प्रश्न निवडण्याचा सराव शाळेतही करता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडून ती पाण्याने भरावी. धार लागली, की बाटली गच्चीवरून सोडून द्यावी. पडताना धार थांबते. ही क्षणभराची सूक्ष्मगुरुत्वाची प्रयोगशाळाच आहे. खाली कोणी उभे राहणार नाही याची काळजी घ्यावी.

दुसरा प्रयोग मुगाचा. टॉमस नाइट यांनी १८०६ साली पाण्याने फिरणाऱ्या चाकावर बी रुजवून दाखवले, की मुळे बाहेरच्या दिशेला आणि कोंब मध्याकडे वाढतात. पुढे झाक्स यांनी रोपाला आडव्या अक्षाभोवती सावकाश फिरवणारे यंत्र वापरले. मिनिटाला एखादा फेरा घेणारी छोटी मोटर, ओला टीपकागद आणि झाकणाची चपटी डबी एवढ्यावर ते करता येते. काही मूग फिरत्या डबीत ठेवावेत, तितकेच शेजारच्या स्थिर डबीत. दोन्हीकडे पाणी, उजेड आणि तापमान सारखे ठेवावे. यात गुरुत्व नाहीसे होत नाही, फक्त त्याची दिशा सतत बदलत राहते, हे मुलांना सांगायला हवे. तीन दिवस मुळांच्या दिशा मोजून तक्ता करावा.

तक्ता पुरा झाला, की मुलांना विचारावे : हाच प्रयोग कक्षेत न्यायचा तर नवीन काय कळेल? छायाचित्रांवर भागेल, की मोड परत आणावे लागतील? मध्येच काही बिघडले तर ते दुरुस्त करायला कोणी बरोबर हवे का? प्रत्येक गटाने आपले उत्तर कारणांसह पाच ओळींत लिहावे.